लीगल ट्रान्सक्रिप्शन घरून करता येतं का? काम कुठे, पैसे किती, फसवणूक कशी ओळखायची?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, या विषयावर इथे धागा सापडला नाही. असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

मी नाशिकची. लग्नाआधी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला होते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची जीसीसी-टीबीसी (सरकारी टायपिंग परीक्षा) झालीय. नोटिसा, वकालतनामे, मुदतीचे अर्ज, दाव्यांचे मसुदे, सगळं केलंय. आता मुलगी पहिलीत आहे आणि सासूबाईंची तब्येत बरी नसते, त्यामुळे बाहेर पडून नोकरी जमणार नाही. यूट्यूबवर लीगल ट्रान्सक्रिप्शनचे, म्हणजे कोर्टकचेरीच्या कामातली रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवायचे, "रेकॉर्डिंग ऐका, टाइप करा, डॉलर कमवा" छापाचे व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय. एक जण ट्रेनिंगचे पंधरा हजार मागतोय, दुसरा म्हणतो पायाचं पेडल घ्या.

इथे कोणी खरंच हे काम करतं का? माझ्यासारखीला जमेल का? मिळतात किती?

फुकटचंबू

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही लाइन संपली. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काय झालं आठवा. २००० च्या आसपास पुण्यात गल्लोगल्ली क्लास होते, आज एक तरी दिसतो का? आता तर कोर्टातच यंत्र बसलंय. सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ ला घटनापीठापुढचे युक्तिवाद एआयने लिहून घ्यायला सुरुवात झाली, आणि तीही आपल्याच शिवसेनेतल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या कोर्टांत साक्षी नोंदवायला स्पीच-टू-टेक्स्ट सक्तीचं केलं. पंधरा हजार वाचवा आणि दुसरं काहीतरी बघा.

कानसेन

फुकटचंबू, पंधरा हजार वाचवा याला अनुमोदन. बाकीचं अर्धं बरोबर आहे.

मी कोल्हापुरातून हेच काम करते. आधी मेडिकल करत होते, ते आटलं म्हणून लीगलकडे वळले. त्यामुळे काम आटताना जवळून बघितलंय, स्वप्नं विकायला आलेली नाही.

घटनापीठापुढे काय असतं? चांगले माइक, एका वेळी एक जण बोलणार, बहुतेक इंग्रजी. तिथलाही उतारा तपासायला त्या त्या वकिलांकडेच जातो. याउलट माझ्याकडे येतं ते शेताच्या बांधावर, शर्टाच्या खिशात ठेवलेल्या मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. चार माणसं एकदम बोलतायत, मागे ट्रॅक्टर, मध्येच कुत्रं. यंत्र यातूनही काहीतरी लिहितंच, हीच त्याची खोड. जिथे कोणी बोललेलं नाही अशा शांत जागी ते स्वतःचं वाक्य घालतं, आणि ते वाक्य इतकं सुबक असतं की न ऐकता वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणून आता बहुतेक इंग्रजी काम "यंत्राने काढलेला मसुदा ऐकून दुरुस्त करा" अशा रूपात येतं आणि त्याचा दर कोऱ्यावरून टाइप करण्यापेक्षा कमी असतो. दुरुस्तीला वेळ मात्र वाटतो तेवढा वाचत नाही.

पैशाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण नवीन लोक इथेच गंडतात. दर ऑडिओच्या मिनिटावर असतो, तुमच्या मिनिटावर नाही. समजा मिनिटाला २० रुपये ठरले, म्हणजे तासाभराच्या ऑडिओचे १२०० रुपये. ऐकायला छान. पण स्वच्छ ऑडिओच्या एका तासाला नवख्याला चार तास सहज लागतात, म्हणजे पडले ताशी ३००. ट्रॅक्टरवाल्या ऑडिओला सहा-सात तास. मग करा भागाकार. त्यामुळे काम घ्यायच्या आधी फाइलची सुरुवात, मधली पाच मिनिटं आणि शेवट ऐकल्याशिवाय दर सांगू नका. सुरुवात नेहमी बरी असते, भांडण मध्यावर सुरू होतं.

आता प्रत्यक्ष काम कसं दिसतं, तर हा नमुना (माझ्या कामातला नाही, तुमच्यासाठी रचलाय):

पुरुष १: मग पैसे कधी दिलेस तू त्याला?
पुरुष २: दिले ना. पोळ्याच्या आदल्या [अस्पष्ट ००:०४:१७] रोख दिले.
स्त्री १: [एकाच वेळी] खोटं बोलतोय.
पुरुष १: रोख?
पुरुष २: हंहं.

इथे "आदल्या" नंतर "दिवशी" टाइप करायला हात शिवशिवतो. टाइप करायचं नाही. "आदल्या आठवड्यात" असेल तर? तारखेवरच सगळा दावा उभा असेल तर? ऐकू आलं नाही तर अस्पष्ट, आणि वेळ टाकायची, म्हणजे वकील स्वतः तिथे जाऊन ऐकू शकतो. शेवटचं "हंहं" म्हणजे होकार, "अंहं" असतं तर नकार. वाक्य तेवढंच, अर्थ उलटा. अशी जागा मी हेडफोन बदलून पुन्हा ऐकते. यंत्र मात्र ती फालतू आवाज समजून गाळतं.

स्त्री १ आणि स्त्री २ यातही घोळ होतो. सासू-सुना, बहिणी-बहिणींचे आवाज सारखे असतात. खात्री नसेल तर "स्त्री" एवढंच लिहायचं. नाव तर वकिलाने लेखी कळवल्याशिवाय घालायचंच नाही.

पेडलबद्दल: चैन नाही, पण पहिल्या दिवशी गरजही नाही. मधला भाग दाबला की ऑडिओ चालू, पाय उचलला की बंद, आणि पुन्हा दाबल्यावर एक-दोन सेकंद मागून सुरू होतं. हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही, ही त्यातली खरी गंमत. एक्सप्रेस स्क्राइबला पेडल जोडता येतं. ओट्रान्स्क्राइब ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात कीबोर्डच्या बटणांवर काम भागतं. पैसे घालायचेच तर आधी कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये घाला.

शब्दवेडी

कानसेन, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

बांधावरचा वकील

आमच्या बाजूनं थोडं लिहितो. मी लातूरला प्रॅक्टिस करतो, दिवाणी आणि कौटुंबिक.

गेल्या काही वर्षांत एकही पक्षकार मोबाइल न काढता केबिनमध्ये बसत नाही. "साहेब, सगळं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं." ऐकायला वेळ कुणाला आहे? आणि कोर्टाला तरी? ऑडिओ हजर करायचा तर सोबत उतारा द्यावाच लागतो, नाहीतर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं सांगितलं. तेव्हापासून कौटुंबिक न्यायालयात तर रीघ लागली आहे. ते योग्य की अयोग्य हा वेगळा धागा होईल.

कायद्याची बाजू थोडक्यात. टेपवरचं संभाषण पुराव्यात येऊ शकतं हे आपल्याकडं मलकानी खटल्यापासून, म्हणजे १९७३ च्या सुमारापासून पक्कं आहे. मुंबईच्या कॉरोनरवरचंच लाचेचं प्रकरण होतं ते. आवाज ओळखता आला पाहिजे, संभाषण विषयाशी संबंधित पाहिजे आणि टेपमध्ये फेरफार नसल्याचं दाखवता आलं पाहिजे. पुढं इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र आलं. ते लागतंच, यावर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेत, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकारानं भरायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-संकेत, लिहायची असते.

ताई, तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की मूळ फाइलला हात लावायचा नाही. आवाज वाढवायचा, खरखर काढायची, तुकडे करायचे, जे काय करायचं ते प्रतीवर. उतारा हा स्वतः पुरावा नाही, पुरावा रेकॉर्डिंगच. पण उताऱ्यात तीन चुका सापडल्या की समोरचा वकील रेकॉर्डिंगवरच संशय उभा करतो.

आमच्याकडं चांगला मराठी उतारा करून देणारा माणूस मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट वेगानं टाइप करतात, पण ऐकून टाइप करायला दिलं की भाषा सुधारून देतात. मराठवाड्यातला म्हातारा उताऱ्यात पुण्यातल्या प्राध्यापकासारखा बोलायला लागतो. मला तो तसाच पाहिजे, "मला काय ठाव" म्हणणारा.

निवृत्त लघुलेखक

वकीलसाहेबांनी टायपिस्टवर ठेवलेला ठपका मान्य, पण त्याचे कारणही नोंदवले पाहिजे. आम्हाला शिकवलेच तसे होते.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार त्याच्या बोलीत बोलतो, न्यायाधीश ते ऐकून कोर्टाच्या मराठीत सांगतात आणि आम्ही ते घेतो. प्रश्न-उत्तर गाळून सलग निवेदन करायचे हीच पद्धत. बचावाच्या वकिलाने "तू खोटं बोलतोयस" असे दहा तऱ्हांनी विचारले, तरी कागदावर "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे" एवढेच उमटते. सरतपास, उलटतपास, फेरतपास, तिन्हींत साक्षीदार एकाच भाषेत बोलतो, आणि ती भाषा त्याची नसते. वर्षानुवर्षे हे केलेल्या माणसाच्या हातात रेकॉर्डिंग दिले तर तो आपोआप "मी घटनास्थळी हजर होतो" असेच लिहिणार.

गोदाकाठची ताई, तुमचीही सवय वकिलाच्या ऑफिसातली आहे, म्हणून सांगतो. आधी महिनाभर ती मोडायचा सराव करा. आकाशवाणीच्या बातम्यांवर करू नका, त्या छापील भाषेतच असतात. गावच्या ग्रामसभेचे व्हिडिओ मिळतात, ते घ्या. ज्याला तिथले भांडण शब्दशः उतरवता आले त्याला कोर्टातले काहीही उतरवता येईल.

संख्यांची स्वतंत्र तयारी करा. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेसष्ट-त्र्याहत्तर, पावणेदोन-सव्वादोन. गट नंबर, हिस्सा, आर, गुंठे. जमिनीच्या दाव्यात एक आकडा चुकला तर शेजाऱ्याच्या रानात दावा जातो. फेरफार, वहिवाट, कूळ, चतुःसीमा हे शब्द कानाला ओळखीचे हवेत. ओळखीचा शब्द पुटपुटलेला असला तरी ऐकू येतो.

वऱ्हाडी ठेचा

काका, अगदी पटलं. आमच्या "मले-तुले"चं "मला-तुला" करून ठेवतात लोक, वाचून हसू येते. पुरवणी म्हणून आणखी एक सांगतो, अहिराणी किंवा मालवणी कानावर नसेल तर ते काम घेऊच नये. सरळ नाही म्हणावं.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांचा सहायक) आहे. डॉलरवाल्या व्हिडिओंबद्दल थोडं.

इथे डिपॉझिशनला (खटल्याआधी कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबाबाला) बहुतेक वेळा स्टेनो मशीनवाला कोर्ट रिपोर्टर बसलेला असतो. त्यांच्या मुख्य परीक्षेत साक्षीच्या भागाचा वेग मिनिटाला २२५ शब्द आणि अचूकता ९५ टक्के लागते, तेव्हा ते काम तुमच्याकडे येणार नाही. उरतं ते रेकॉर्ड केलेलं: विमा कंपन्यांचे जबाब, लवाद, वकिलांचं डिक्टेशन, काही सुनावण्या. पोलिसांचं आणि तुरुंगातलं ऑडिओ सहसा देशाबाहेर जात नाही, त्यांचे सुरक्षेचे नियम कडक आहेत. त्यामुळे "अमेरिकन पोलिसांची रेकॉर्डिंग भारतातून टाइप करा" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

फॉरमॅटही ठरलेला असतो. पानावर २५ ओळी, ओळींना क्रमांक, प्रश्नाला क्यू आणि उत्तराला ए. हे शिकायला फार तर आठवडा जाईल. कान तयार व्हायला किती जाईल ते सांगता येत नाही. इथल्याच लोकांना इथलं सगळं कळतं असं नाही. फिलाडेल्फियातल्या न्यायालयीन लघुलेखकांची एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीयांच्या बोलीतली साधी वाक्यंही त्यातल्या अनेकांना धड लिहिता आली नाहीत, आणि प्रमाणपत्रं सगळ्यांकडे होती.

स्वल्पविरामाचं महत्त्व बघायचं तर लुइझियानाचं प्रकरण. संशयित चौकशीत म्हणाला, "मला वकील द्या ना, डॉग." इथलं "डॉग" म्हणजे आपलं "भावा". कागदावर ते स्वल्पविरामाशिवाय "लॉयर डॉग", म्हणजे "वकील कुत्रा", असं आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज ऐकायला नकार दिला, आणि एका न्यायमूर्तींनी वेगळ्या टिपणात लिहिलं की ही वकिलाची स्पष्ट मागणी ठरत नाही. बोला आता.

खरी परदेशी कामं मिळतात ती भारतातल्याच एखाद्या आउटसोर्सिंग कंपनीमार्फत, गोपनीयतेचा करार करून आणि त्यांची चाचणी देऊन. चाचणीचे पैसे कोणी मागत नाही.

तळ्यात मळ्यात

पैसे मागण्यावरून. माझ्या जावेच्या बाबतीत घडलंय, म्हणून लिहितेय.

"लीगल डॉक्युमेंट टायपिंग, आठवड्याचे पैसे आठवड्याला" अशी जाहिरात होती. मोबाइलवर करार आला, आधारचा फोटो, सही, थोडी नोंदणी फी. काम म्हणजे पुसट स्कॅन केलेली पानं, मुदत पाच दिवस. तिने रात्र-रात्र बसून केलं. मग "क्यूसीत (तपासणीत) नापास, कराराचा भंग, नुकसानभरपाई भरा". दोन दिवसांनी वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस, त्यावर अशोकस्तंभ! मग "कोर्टातून बोलतोय, आज चारपर्यंत भरले नाहीत तर घरी पोलीस येतील". घाबरून तिने कुणालाही न सांगता पैसे भरले. आणि भरल्यावर फोन वाढले, थांबले नाहीत.

बांधावरचा वकील

हा प्रकार आमच्याकडंही सर्रास येतो. कुठल्याही खासगी वकिलाच्या लेटरहेडवर अशोकस्तंभ नसतो, इथंच पितळ उघडं पडतं. करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस उचलायला येत नाहीत. खरंच दावा दाखल असेल तर त्याला सीएनआर नंबर असतो, तो विचारा आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघा. नंबर विचारला की बहुतेक फोन तिथंच बंद होतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. जाऊबाईंना सांगा, आता एक रुपयाही द्यायचा नाही आणि सगळे मेसेज जपून ठेवायचे.

गोदाकाठची

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे खूप आभार. तळ्यात मळ्यात, अगदी असाच करार मला मागच्याच आठवड्यात आला होता, सही केली नव्हती. आता ब्लॉक केलं.

काही शंका आहेत. मी रेमिंग्टनवर (टाइपरायटरच्या कीबोर्ड-मांडणीवर) शिकलेय, तेच चालेल का? गोपनीयता म्हणजे नक्की काय पाळायचं? टॅक्स, जीएसटीचं काय?

कानसेन

रेमिंग्टन चालेल, फक्त आउटपुट यूनिकोड हवं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं. सी-डॅकच्या आयएसएममध्ये रेमिंग्टनच्या सवयीने यूनिकोड टाइप करता येतं. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधली फाइल दिली आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की भलतीच अक्षरं दिसतात आणि शोध घेता येत नाही. वकिलाला "पैसे" हा शब्द कुठे कुठे आला ते शोधायचंच असतं.

गोपनीयतेचं मी फार कडक पाळते. काम पूर्ण झालं, वकिलाने पोच दिली की ऑडिओ माझ्याकडून जातो. क्लाउडवर आपोआप चढणारं फोल्डर वापरत नाही. फुकटच्या ऑनलाइन साइटवर तर ऑडिओ कधीच टाकू नका, तो कुठे जातो कोणाला माहीत. आणि हेडफोन फक्त आवाजासाठी नाहीत. घरात लहान मूल आहे, सासूबाई आहेत, शेजारच्या काकू डोकावतात. नाशिक मोठं असलं तरी गोतावळा छोटा असतो, एखाद्या दिवशी ओळखीचा आवाज निघेल. तेव्हा काम परत करायचं आणि गप्प बसायचं.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. काही ऑडिओ ऐकवत नाहीत. मारहाण, लहान मुलांचे जबाब. टाइप करताना तेच वाक्य तीन-चार वेळा ऐकावं लागतं, म्हणून ते डोक्यात जास्त राहतं. मी अशी कामं रात्री घेत नाही आणि मुलांची प्रकरणं मुळीच घेत नाही. वकिलांना आधीच सांगून ठेवलंय, कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

बांधावरचा वकील

कानसेनताईंना जोड. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. फाइलच्या नावातसुद्धा तिचं नाव नको, वकिलानं पाठवलेल्या फाइलला असेल तर लगेच कळवा.

हिशेबनीस

सेवांसाठी जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर. तोवर साधं बिल द्या, पण प्रत्येक कामाचं द्या आणि बँकेतूनच पैसे घ्या. परदेशातून आले तर बँकेकडून रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवा. इन्कम टॅक्सचं कोणत्या सदरात दाखवायचं ते तुमच्या सीएंना विचारा, इथे वाद सुरू होईल.

फुकटचंबू

माझं म्हणणं थोडं बदलतो. इंग्रजीचं वरचं काम यंत्राने खाल्लं, हे खरंच. पण ग्रामसभेचं भांडण यंत्राला उतरवता येईल असं मलाही वाटत नाही. काल एक व्हिडिओ मोबाइलवर टाकून बघितला. "सातबारा" त्याने दोन वेगवेगळे आकडे समजून लिहिला आणि सरपंचांना बाई केलं.

एडिसनकर

हाहाहा, सरपंच बाईही असू शकतात की!

फुकटचंबू

असू शकतात, पण यांना मिशा होत्या.

गोदाकाठची

मी परवापासून गिरणारेच्या बाजूच्या एका ग्रामसभेवर सुरुवात केली. पहिल्या दहा मिनिटांत कोण कोण बोलतंय हेच कळेना, शेवटी कागदावर "जाड आवाज", "खोकणारा" अशा खुणा केल्या आणि मग पुढे सरकलं. काका, तुमच्या सांगण्यावरून एकही वाक्य सुधारलं नाही. वकीलसाहेब, चालत असेल तर तुम्हाला नमुना पाठवू का? आणि दर काय सांगू?

बांधावरचा वकील

संपर्कातून मेल टाका. ग्रामसभेचा नको, मी एक जुनं, निकाल लागलेलं काम देतो, पक्षकाराची परवानगी घेऊन. त्याचा उतारा माझ्याकडं आहे, ताडून बघू. त्याचे पैसे मिळतील, चाचणी फुकट करून घेणं मला पटत नाही. दर मात्र तुम्ही सांगायचा, ऑडिओ ऐकून. मी सांगितला तर कमीच सांगणार.

विकी_४५१

मला पण जॉब पाहिजे. नंबर द्या. इंट्रेस्टेड.

कानसेन

विकी, आधी धागा वाचा. निदान जावेची गोष्ट तरी वाचा, आणि नंबर कुठेही टाकू नका.